जुना लॅपटॉप देताना सभासदांनी घ्यावयाची दक्षता



सात-बाराचे उतारे, सोसायटीच्या कर्जाचे कागद, खरेदीखते, मुलांचे दाखले, कारखान्याच्या शेअर्सचा दाखला असे सारे दप्तर पूर्वी घरातल्या लोखंडी पेटीत असे आणि पेटीची किल्ली वडीलधाऱ्या माणसाच्या कमरेला. ती पेटी कधी मोडीत घालायची वेळ आलीच तर आधी ती रिकामी करायची, तळाशी हात फिरवायचा, कोपऱ्यात चिकटलेला कागदसुद्धा सोडवून घ्यायचा आणि मगच भंगारवाल्याला हाक मारायची, ही आपली रीत. आता हेच दप्तर पुष्कळ घरांतून लॅपटॉपमध्ये गेले आहे. लॅपटॉप मुलाने कॉलेजसाठी घेतलेला असतो, पण त्यातच वडिलांचे आधार कार्ड, आईचे पासबुक, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, पीक विम्याची पावती, धाकट्याचा जातीचा दाखला असे सगळे साठत गेलेले असते. आणि हा लॅपटॉप मात्र आपण जसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळे होतो. फार तर जाता जाता चार फोटो पुसतो.

हा विषय आताच घेण्याचे कारण असे की, विंडोज १० या प्रणालीची नेहमीची विनामूल्य देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. त्यामुळे जुने लॅपटॉप बदलण्याकडे लोकांचा कल झाला आहे. उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरात खरेदी निघते, दुकानदार जुना लॅपटॉप घेऊन नव्याच्या किमतीत हजार-दोन हजार कमी करतो आणि आपणही खूष होतो. कुणी बहिणीच्या मुलाला देतो, कुणी गावच्या वाचनालयाला देतो, तर कुणी बंद पडला म्हणून भंगारात टाकतो. देणे चांगलेच आहे. पण काय काय दिले याचा हिशोब देणाऱ्याला असायला हवा.

“आमच्या लॅपटॉपमध्ये असे काय सोने ठेवले आहे?” असे काही सभासद विचारतील. प्रश्न रास्त आहे. सुटा कागद पाहिला तर त्यात फारसे काही नसते. पण आधार, पॅन, बँकेचा खाते क्रमांक, सहीचा नमुना आणि फोटो हे पाच कागद एकाच जागी सापडले की त्यातून तुमच्यासारखा दुसरा माणूस कागदोपत्री उभा करता येतो. त्यात शेतकऱ्याच्या घरी आणखी एक कागद असतो तो म्हणजे नोंदणी केलेले खरेदीखत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवताना पक्षकारांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतात आणि ते दस्ताबरोबर छापून येतात. हा दस्त आपण स्कॅन करून ठेवतो. २०१८ साली तेलंगणात एका इसमाने जमिनीच्या दस्तांवरच्या ठशांवरून खोटे ठसे तयार केले आणि त्यांवर दुसऱ्यांच्या नावाने सिमकार्डे चालू केली, असा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला होता. आधारवर चालणाऱ्या छोट्या यंत्रातून पैसे काढताना आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढेच लागते, मोबाईलवर येणारा आकडा सांगावा लागत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे. तेव्हा ‘सोने’ कशाला म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

पुसले म्हणजे गेले का?

आपली मुख्य गैरसमजूत येथेच आहे. फाईलवर ‘डिलीट’ दाबले, मग रिसायकल बिनही रिकामी केली, म्हणजे फाईल गेली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात काय होते ते आपल्या नेहमीच्या व्यवहारातून पाहू.

आपण लागण केली की कारखान्याच्या शेतकी खात्याकडे उसाची नोंद होते. गट नंबर, जात, लागणीची तारीख, क्षेत्र सारे रजिस्टरात चढते. समजा काही कारणाने ती नोंद रद्द केली. रजिस्टरात रेघ मारली गेली, पण म्हणून रानातला ऊस नाहीसा झाला का? तो उभाच आहे. फक्त रजिस्टर पाहणाऱ्याला तो दिसत नाही. बांधावर जाऊन उभे राहिले तर कुणालाही दिसेल.

लॅपटॉपमध्येही असेच एक रजिस्टर असते. कोणती फाईल डिस्कवर कोणत्या जागी ठेवली आहे याची नोंद त्यात असते. ‘डिलीट’ म्हणजे त्या नोंदीवर मारलेली रेघ. ती जागा आता मोकळी आहे, लागेल तेव्हा वापरा, एवढेच यंत्राला कळते. फाईलमधला मजकूर त्या जागेवर तसाच पडून राहतो आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, मग ते दुसऱ्या दिवशी असो की दोन वर्षांनी, तो वाचता येतो. असा मजकूर शोधून काढणारे प्रोग्राम फुकट मिळतात आणि ते चालवायला इंजिनिअर असावे लागत नाही. घरातल्या मुलांनी एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर हा प्रयोग जरूर करून पाहावा. दहा फोटो त्यावर घालावेत, पुसावेत आणि असा प्रोग्राम चालवून पाहावा. बहुतेक फोटो परत आलेले पाहिले म्हणजे या लेखातले निम्मे सांगणे आपोआप पटेल.

“मग फॉरमॅट मारतो की!” हे पुढचे उत्तर. दुकानातला पोरगाही हेच सांगतो, “काका, काळजी करू नका, फॉरमॅट मारून देतो.” पण फॉरमॅटमध्ये दोन प्रकार आहेत. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे एकेक रेघ मारण्याऐवजी सगळे रजिस्टरच फाडून नवे कोरे रजिस्टर घालणे. रानातला ऊस याही वेळी उभाच. विंडोजमध्ये फॉरमॅटची खिडकी उघडली की क्विकची खूण आधीच केलेली असते आणि घाईतला माणूस तीच ठेवतो. ही खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला, तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत सबंध डिस्कवर शून्ये लिहिली जातात. क्विक फॉरमॅट क्षणभरात होतो आणि पूर्ण फॉरमॅटला काही तास लागतात. दुकानदाराने पाच मिनिटांत फॉरमॅट मारून दिला असेल तर तो कोणता होता हे सांगायला नको.

ही भीती पोकळ नाही, याचा एक जुना दाखला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील दोन संशोधकांनी, सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलात यांनी, बाजारातून वापरलेल्या १५८ हार्डडिस्क विकत आणल्या आणि २००३ साली आपले निष्कर्ष छापले. त्यांतल्या १२९ डिस्क चालू निघाल्या. नीट, मुळापासून साफ केलेल्या किती? अवघ्या १२. बाकीच्यांत पत्रे होती, दवाखान्याचे कागद होते, ५ हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर पैसे काढण्याच्या एटीएम यंत्रातली होती आणि खातेदारांचे व्यवहार तिच्यात तसेच होते. पुष्कळ डिस्कवर कुणीतरी ‘फॉरमॅट’ केलेला होता. म्हणजे विकणाऱ्यांनी काहीच केले नाही असे नव्हे. त्यांनी केले, पण रेघ मारण्यापुरतेच.

मोठ्या कंपन्याही याला अपवाद नाहीत. मॉर्गन स्टॅनली या अमेरिकन वित्तसंस्थेने जुनी यंत्रे मोडीत काढण्याचे काम सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीला दिले होते. तिला माहिती नष्ट करण्याचा काहीच अनुभव नव्हता. यंत्रे पुढे विकली गेली आणि काही तर ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात निघाली. २०२२ साली या संस्थेला साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला.

आधी डिस्क कोणती ते पाहा

मजकूर खरोखर घालवायचा तर रजिस्टर फाडून भागत नाही, रानात उतरावे लागते. ऊस तोडला तरी बुडखे जमिनीत राहतात आणि पाणी मिळाले की खोडवा फुटतो. खोडवा नको असेल तर बुडखे काढावे लागतात. पण डिस्कमध्ये रान दोन प्रकारचे आहे आणि एकाची मशागत दुसऱ्याला चालत नाही.

पहिला प्रकार जुनी हार्डडिस्क. हिच्यात गरागरा फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकाच्या साह्याने लिहिले जाते. कान लावला तर बारीक घरघर ऐकू येते. हिच्यावर उपाय सोपा आहे. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत नवे काहीतरी लिहायचे की जुने गेले. काही जाणकार पस्तीस वेळा लिहा म्हणून सांगतात. त्याचा उगम पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या एका लेखात आहे. तो उपाय त्या काळच्या आणि त्याहून जुन्या निरनिराळ्या डिस्कांचा विचार करून सुचवलेला होता. आधुनिक डिस्कला तो लावण्यात अर्थ नाही, असे पुढे खुद्द गटमन यांनीच लिहिले. आजच्या हार्डडिस्कला एकदा पूर्ण लिहिणे पुरते. उगाच चार दिवस यंत्र चालू ठेवून वीज जाळू नये.

दुसरा प्रकार एसएसडी. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हीच असते. हिच्यात फिरणारे काही नाही, नुसत्या चिपा. हिचा स्वभाव वेगळा आहे. चिपेतला प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच लिहिता-पुसता येतो, नंतर तो झिजून निकामी होतो. म्हणून डिस्कमधला नियंत्रक सगळ्या कप्प्यांना पाळी लावून देतो. एकाच सरीला सारखे पाणी जाऊ नये म्हणून आपण बारे फिरवतो, तसाच हा प्रकार. तुम्ही जुन्या फाईलवर नवे लिहायला गेलात तर नियंत्रक ते नवे भलत्याच कप्प्यात लिहितो आणि जुने होते तिथेच काही काळ राहू शकते. शिवाय डिस्कमध्ये काही कप्पे राखीव असतात, ते आपल्याला दिसतच नाहीत. त्यामुळे एसएसडीवर एकेक फाईल ‘खरडून’ काढणारे प्रोग्राम भरवशाचे नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ साली हे प्रयोग करून दाखवले. खरडल्यानंतरही त्यांना चिपांमध्ये फाईलींचे तुकडे सापडले.

एक गोष्ट एसएसडीच्या बाजूने सांगितली पाहिजे. आताच्या विंडोजमध्ये फाईल पुसली की तशी वर्दी डिस्कला दिली जाते आणि डिस्क सवडीने ते कप्पे स्वतःच साफ करते. त्यामुळे पुसलेली फाईल परत मिळवणे हार्डडिस्कपेक्षा पुष्कळ अवघड असते. पण ‘अवघड’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे, आणि डिस्क कधी साफ करील ते आपल्या हाती नाही.

आपल्या लॅपटॉपमध्ये कोणती डिस्क आहे हे पाहायचे तर कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये गेले की डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेले दिसते.

कुलूप लावा आणि किल्ली नाहीशी करा

दोन्ही प्रकारांना लागू पडणारा आणि आमच्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे तो कुलुपाचा. याला एन्क्रिप्शन म्हणतात. डिस्कवरचा सगळा मजकूर यंत्र गुप्त लिपीत बदलून ठेवते आणि त्या लिपीची किल्ली वेगळी असते. पुढे लॅपटॉप साफ करताना किल्लीच पुसली जाते. मग कुठल्या राखीव कप्प्यात एखादा तुकडा राहिला तरी वाचणाऱ्याच्या हाती निव्वळ अक्षरांचा चोथा लागतो. रस निघून गेलेला.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत यासाठी ‘बिटलॉकर’ आहे. होम आवृत्तीत पुष्कळ लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने हीच सोय ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या पानावर असते. ते नाव तिथे दिसले नाही तर तुमच्या यंत्रात ती सोय नाही असे समजावे. बिटलॉकर लावताना फक्त वापरलेली जागा की सबंध डिस्क असे विचारले जाते. वापरात असलेल्या जुन्या लॅपटॉपला सबंध डिस्क सांगावी, कारण पूर्वी पुसलेले कागद मोकळ्या म्हणवणाऱ्या जागेतच दडलेले असतात.

इथे एक धोक्याची सूचना. या कुलुपाची ४८ आकडी किल्ली मिळते, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही ठेवली जाते. किल्ली हरवली आणि यंत्राने ती मागितली, तर तुमचेच कागद तुम्हाला कायमचे बंद होतील. तिथे कुणाची ओळख चालत नाही. म्हणून ज्यांना कागद अजून हवे आहेत त्यांनी कुलूप लावण्याआधी त्यांची नक्कल काढून ठेवावी. खरे म्हणजे हे कुलूप नवा लॅपटॉप घरी आला त्याच दिवशी लावून ठेवावे. लॅपटॉप एसटीत विसरला किंवा चोरीला गेला, तर साफ करायला कुणी आपली वाट पाहत नाही.

प्रत्यक्ष काम

सर्वांत आधी हवे ते बाहेर काढावे. कागद, फोटो, हिशोबाच्या फाईली वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. नुसती नावे दिसली म्हणजे फाईल आली असे नव्हे. लग्नाचे फोटो गेले म्हणून घरात जे रामायण होते ते आधारच्या चोरीपेक्षा कमी नसते.

मग खाती. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप चालू ठेवले असेल तर मोबाईलवरच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तो लॅपटॉप तिथून काढावा. गुगलच्या खात्यात आपण कोणकोणत्या यंत्रांवर आत आहोत याची यादी असते. त्यातून जुना लॅपटॉप काढून टाकावा, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातही तसेच करावे. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये बँकेचे, ई-मेलचे पासवर्ड आपण ‘लक्षात ठेव’ म्हणून साठवलेले असतात. लॅपटॉप गेल्यावर तेवढे पासवर्ड बदलले तर रात्री झोप चांगली लागते.

आता साफसफाई. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टीम’, त्यात ‘रिकव्हरी’ आणि मग ‘रिसेट पीसी’. विंडोज १० मध्ये हीच सोय ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली आहे. पुढे दोन वाटा फुटतात. ‘कीप माय फाइल्स’ ही आपली वाट नव्हे. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्यावी. बहुतेक जण इथूनच पुढे पुढे बटण दाबत जातात आणि खरी चूक होते. मध्ये ‘चेंज सेटिंग्ज’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, ते उघडावे. त्यात ‘क्लीन डेटा’ हे बटण बंद असते, ते चालू करावे. ते बंद राहिले तर झालेले काम रजिस्टर फाडण्याच्या जातीचे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये सी आणि डी असे दोन भाग पाडलेले असतात आणि कागदपत्रे नेमकी डी मध्ये असतात. त्यासाठी सर्व ड्राइव्ह साफ करायचे का असे विचारले जाते, तिथेही होय म्हणावे.

या कामाला काही तास लागतात. चार्जर लावलेला असू द्यावा. आपल्याकडच्या विजेचे वेळापत्रक सभासदांना सांगायला नको, तेव्हा सिंगल फेज कधी जाते ते पाहून काम काढावे, मध्येच बंद पडू देऊ नये. काम संपल्यावर नवा कोरा लॅपटॉप असल्यासारखा तो देश आणि भाषा विचारतो. तिथेच थांबून बंद करावा. “चालतो का बघू” म्हणून पुन्हा आपल्याच ई-मेलने आत शिरणारे असतात, मग सगळी मेहनत पाण्यात.

विंडोजची ही सोय घरगुती वापरासाठी आहे, सरकारी कचेऱ्यांच्या कडक निकषांत ती बसत नाही, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. घरच्या लॅपटॉपला, विशेषतः आधी कुलूप लावलेले असेल तर, ती पुरेशी आहे. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांच्यासाठी एसएसडीच्या काही कंपन्या आपल्या डिस्कसाठी स्वतःचा साफ करणारा प्रोग्राम देतात, आणि काही लॅपटॉपमध्ये तर विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावर तशी सोय असते. ॲपलच्या २०२१ नंतरच्या मॅकओएसमध्ये, यंत्र त्या मानाने नवे असेल तर, ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ या एकाच बटणात काम होते, कारण त्यांत कुलूप मुळातच असते.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर? लोक म्हणतात, “बंदच आहे, त्यात काय राहिलंय?” बंद पडतो तो बहुधा बोर्ड, पडदा नाहीतर बॅटरी. डिस्क आतमध्ये ठणठणीत असते आणि दुसऱ्या यंत्राला जोडली की वाचता येते. तेव्हा डिस्क काढून घ्यावी. हार्डडिस्क तळहाताएवढी चपटी पेटी असते, एसएसडी पुष्कळदा बोटभर लांबीची पट्टी. दोन-चार स्क्रूंचे काम आहे. पेटीला ड्रिलने आरपार तीन-चार भोके पाडली की तबकड्या गेल्या. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात, कपडा गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावून हे करावे. पट्टी असेल तर तिच्यावरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, नुसती पट्टी वाकवून उपयोग नाही. जुन्या स्पीकरचे चुंबक फिरवले की डिस्क कोरी होते ही समजूत सोडून द्यावी. असले चुंबक हार्डडिस्कला पुरत नाही आणि एसएसडीला चुंबकाचा संबंधच नाही. पाचटाबरोबर जाळून टाकण्याचा विचार तर मुळीच नको. धूर विषारी असतो, आणि पाचटही जाळू नये हे आपण सांगत आलोच आहोत. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणाची चिप बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, तिथे काढण्यासारखे काही नसते. असा लॅपटॉप बंद पडला असेल तर तो बाजारात न देता बोर्डावरची ती चिप फोडून उरलेला भाग ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा.

दुसऱ्यांचे कागद

इथवर सांगितले ते स्वतःच्या घरापुरते. पण आपल्या सभासदांत विकास सोसायटीचे सचिव आहेत, दूध संस्थेचे हिशोब लिहिणारे आहेत, पाणीपुरवठा संस्थेचे, बचत गटाचे काम पाहणाऱ्या भगिनी आहेत. संस्थेला संगणक नसतो म्हणून काम घरच्या लॅपटॉपवर चालते. त्यात गावातल्या दीड-दोनशे माणसांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, कर्जाची बाकी, वारसांची नावे एका यादीत असतात. ही यादी तुमची नव्हे. ज्यांची आहे त्यांना ती तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे हेदेखील बहुधा माहीत नसते. स्वतःचा लॅपटॉप कसा द्यायचा हे ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण सोसायटीची यादी पोटात असलेला लॅपटॉप एकट्याने परस्पर देऊन टाकण्याचा हक्क सचिवाला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा वेळी संचालकांच्या बैठकीत विषय घ्यावा, दोघांच्या समक्ष साफसफाई करावी आणि कोणता लॅपटॉप, त्याचा क्रमांक काय, कोणत्या तारखेला, कोणत्या रीतीने साफ केला याची चार ओळींची नोंद इतिवृत्तात करावी. डिजिटल सहीचे टोकन लॅपटॉपला तसेच खोचलेले राहते, ते आधी काढून घ्यावे.

लॅपटॉप दुरुस्तीला देणे हेही थोड्या दिवसांपुरते देणेच आहे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम तयार केलेले लॅपटॉप दुकानांत दुरुस्तीला दिले आणि आत काय काय उघडले जाते याची गुपचूप नोंद ठेवली. २०२२ साली त्यांनी जाहीर केले की, सहा ठिकाणी खासगी फाईली उघडल्या गेल्या आणि दोन ठिकाणी तर त्यांची नक्कल काढून घेतली गेली. सगळेच दुकानदार असे नसतात, आपल्या तालुक्यात सचोटीने काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत. तरी पडदा किंवा कीबोर्ड बदलायचा असेल तर पासवर्ड देण्याची गरज बहुधा नसते. मागितला तर का लागतो ते विचारावे आणि शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्यावे.

मोबाईलचे थोडक्यात. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या मोबाईलमध्ये कुलूप मुळातच असते, म्हणून ‘फॅक्टरी रिसेट’ पुरेसा होतो. फक्त आधी गुगल खाते काढावे, नाहीतर घेणाऱ्याला तो सुरूच करता येत नाही आणि तो तुम्हाला फोन करत बसतो. मेमरी कार्ड आणि सिमकार्ड काढून घ्यायला विसरू नये. सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात आपला सात-बारा, आधार छापून घेतल्यावर त्या संगणकावर राहिलेली फाईल आपल्यासमोर पुसायला सांगावी. पुसणे अपुरे असते हे आपण आताच पाहिले, पण तिथे निदान येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तरी ती राहत नाही. आणि जिथे चालते तिथे आधारचा पूर्ण क्रमांक न दाखवणारी, शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत द्यावी. ती आधारच्या संकेतस्थळावर मिळते.

ज्यांचा लॅपटॉप पूर्वीच तसाच गेला आहे त्यांनी घाबरून जाऊ नये, पण आजच तीन कामे करावीत. ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत, वर सांगितल्याप्रमाणे गुगल आणि व्हॉट्सॲपमधून तो लॅपटॉप काढावा, आणि आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बोटांच्या ठशांना कुलूप लावून ठेवावे. रेशनला किंवा बँकेत अंगठा द्यायचा असेल तेव्हा ते कुलूप तात्पुरते उघडता येते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे ठसे बंद करताना मात्र त्यांना तसे सांगून ठेवावे, नाहीतर रेशन दुकानात अंगठा लागला नाही की ती बिचारी दिवसभर यंत्राला बोटे घासत बसतात. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.